काजूच्या गावी, काजू न खाता

वेंगुर्ल्याला जायचं आणि काजू खायचा नाही, हे नागपूरला जाऊन संत्र्याकडे पाठ फिरवण्यासारखं आहे. पण आमच्या घरात नऊ वर्षांची एक मुलगी आहे, तिला काजूचा कणही चालत नाही. आणि तिच्या बाबांची सख्खी आत्या राहते ती नेमकी वेंगुर्ल्याजवळच्या एका वाडीत, काजूच्या झाडांमध्ये. म्हणूनच गेली सहा वर्षं आम्ही तिकडे फिरकलो नव्हतो. दर सुट्टीत आत्यांचा फोन येई, दर सुट्टीत आम्ही काहीतरी कारण सांगत असू.

खरं कारण भीती हे होतं. लेक तीन वर्षांची असताना शेजारच्या वाढदिवसात तिच्या हाती काजूकतलीची वडी आली. अर्धी खाऊन तिने टाकून दिली. दहा मिनिटांत ओठ सुजले, मानेवर आणि पोटावर लालभडक गांधी उठल्या. कुणीतरी म्हणालं, ‘‘पित्त उठलंय, आमसूल लावा.’’ आम्ही वाटीत आमसूल भिजत घातलं. तेवढ्यात तिला उलटी झाली, आवाज घोगरा झाला आणि ती खोकू लागली. दवाखान्यात पोहोचल्यावर डॉक्टरांनी काही न विचारता आधी मांडीत इंजेक्शन दिलं. मुलगी सावरली. पण आमसूल भिजण्याची वाट पाहण्यात गेलेली ती पाच मिनिटं मी अजून विसरलेले नाही.

या वर्षी लेकीनेच विषय काढला. ‘‘आई, आजीच्या गावाला काजू सोडून दुसरं काहीच नाही का?’’ या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हतं. एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात आम्ही कोकणकन्या एक्स्प्रेसची तिकिटं काढली.

लाल मातीचं स्वागत

रात्री मुंबईहून निघालेली गाडी सकाळी कुडाळला पोहोचते. स्टेशनबाहेर आलं की लाल मातीचा आणि पिकत आलेल्या फणसाचा वास एकदमच भेटतो. तिथून वेंगुर्ल्याचा रस्ता चढउतारांचा, वळणावळणाचा. दोन्ही बाजूंना जांभ्या दगडाचे गडगे, त्यांच्यामागे आंब्याची कलमं आणि वाकड्यातिकड्या फांद्यांची काजूची झाडं. लाल-पिवळ्या बोंडांच्या टोकाला बाहेरून चिकटवल्यासारखी दिसणारी बी पाहून लेक हरखली. जन्मापासून ज्याच्यापासून दूर राहायला शिकली, तो काजू तिने झाडावर पहिल्यांदाच पाहिला.

हे झाड मूळचं ब्राझीलचं. पोर्तुगीजांनी सोळाव्या शतकात ते भारताच्या पश्चिम किनाऱ्यावर आणलं आणि कोकणाने त्याला आपलंसं केलं. वेंगुर्ल्याच्या फळ संशोधन केंद्राने तयार केलेल्या ‘वेंगुर्ला-4’, ‘वेंगुर्ला-7’ या जाती आज शेतकऱ्यांच्या तोंडी घरच्या माणसांच्या नावांसारख्या असतात. इथे काजू म्हणजे नुसता सुका मेवा नव्हे. ओल्या काजूगरांची उसळ, रश्श्याचं वाटण, शिऱ्यावरची सजावट, पाहुण्याच्या हातावर ठेवायचा खाऊ, आणि वर्षाचा संसारखर्चही.

आत्यांच्या खळ्यात पाय ठेवला तेव्हा सुपांमध्ये आमसुलं वाळत होती. पिकलेली कोकमं फोडायची, सालं मीठ घातलेल्या रसात बुडवायची, उन्हात वाळवायची, पुन्हा बुडवायची, असं काही दिवस चालतं तेव्हा कुठे काळंभोर आमसूल तयार होतं. ती सुपं पाहून माझ्या पोटात उगाच खड्डा पडला.

आग्रह आणि नकार

मी फोनवर सगळं सांगितलं होतं. आत्या ‘‘बरा, बरा’’ म्हणाल्याही होत्या. पण हातपाय धुऊन बसतो तोच शिऱ्याच्या बशा आल्या. लेकीच्या बशीतले काजू वेचून बाजूला काढलेले होते.

‘‘आत्या, हा तिला चालणार नाही,’’ मी म्हटलं.

‘‘अगो, काजू काढलंय मी. वायच खाल्ल्यान म्हणान काय होवचा नाय.’’ थोडंसं खाल्ल्याने काही होत नाही, असं त्यांचं म्हणणं.

नेमकं हेच वाक्य प्रत्येक सणाला, प्रत्येक लग्नात ऐकावं लागतं. त्यात वाईट हेतू कुणाचाच नसतो. पण काजू वेचून काढला तरी त्याचा अंश तुपात, रव्यात उतरलेला असतो. ज्याला खरी अ‍ॅलर्जी आहे, त्याचं शरीर काजूतल्या प्रथिनाला शत्रू समजतं. कणभर प्रथिन पोटात गेलं तरी त्वचेतल्या विशिष्ट पेशी हिस्टामिन नावाचं द्रव्य सोडतात. त्याने अंग खाजतं, गांधी उठतात, ओठ आणि पापण्या सुजतात. हे सारं साधारणपणे काही मिनिटांत ते दोन तासांत घडतं. भाजल्याने किंवा तळल्याने काजूचा हा गुण जात नाही.

मी हे सांगायच्या आतच लेक म्हणाली, ‘‘आजी, मला काजूने श्वास लागतो. मला तुझ्या हातचे घावणे दे ना.’’

आत्या उठून आत गेल्या. घावणे आले, नारळाचा रसही आला, पण त्या दिवशी त्या फारशा बोलल्या नाहीत. आपल्या हातचं अन्न कुणी नाकारलं, ही गोष्ट त्यांना लागली होती.

आत्यांचे हात

दुसऱ्या दिवशी लेक बाबांबरोबर समुद्रावर गेली आणि मी आत्यांबरोबर त्यांच्या ओळखीच्या एका छोट्या काजू कारखान्यात. लेकीला तिथे नेण्याचा प्रश्नच नव्हता.

आत ओळीने बायका बसल्या होत्या. वाफवून वाळवलेली बी पायाने दाबायच्या यंत्रात धरायची, टरफल फुटलं की गर अलगद काढायचा. प्रत्येकीच्या हाताला तेल चोपडलेलं. टरफलात जो चिकट, जळजळीत चीक असतो, तो कातडीला लागला तर भाजल्यासारखं होतं. आत्यांनी आपले तळवे माझ्यापुढे धरले. ‘‘लहानपणी आम्ही ओले काजी फोडू. हाताक राख चोळू, तरी सालां जायत.’’ बोटांच्या टोकांवरचे डाग अजून पुसट दिसत होते.

‘‘तुमच्या हातांना जे होत होतं, ते बाहेरून. तिला होतं ते आतून,’’ मी म्हटलं.

दोन्ही त्रास काजूचेच, पण जात वेगळी. टरफलातला चीक कातडीला लागून जे होतं, ते तिथल्या तिथे राहतं: फोड, जळजळ, साल निघणं. आंबा, काजू, पिस्ता आणि आपला बिब्बा ही सगळी एकाच कुळातली झाडं. बिब्बा उततो म्हणजे काय, हे आजीच्या पिढीतल्या प्रत्येकीला ठाऊक असतं. देठाशी चीक असलेला आंबा न धुता चोखल्याने काही मुलांच्या ओठांभोवती एक-दोन दिवसांनी पुरळ येतं, तेही याच प्रकारातलं. अशा मुलांसाठी आंबा धुऊन, साल काढून, फोडी करून द्यावा. बहुतेकांना गर चालतो, आंबा कायमचा बंद करावा लागत नाही.

खाण्यातली अ‍ॅलर्जी मात्र जिथे हात लागला तिथेच थांबत नाही. ती रक्तातून अंगभर पसरते आणि कधी कधी श्वासापर्यंत पोहोचते. काजूची अ‍ॅलर्जी असणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांना पिस्ताही चालत नाही, कारण दोघांतली प्रथिनं एकमेकांसारखी असतात.

आत्या सगळं ऐकून घेत होत्या. परतताना एवढंच म्हणाल्या, ‘‘माज्या हाताक लागला तेवा आवशीन माका कामार जावक दिल्यान नाय.’’ हाताला त्रास झाला तेव्हा त्यांच्या आईने त्यांना कामाला जाऊ दिलं नव्हतं. मला वाटलं, आता थोडं जुळतंय.

वेंगुर्ल्याच्या बंदरावर

संध्याकाळी बंदरावर मासळी उतरत होती. टोपल्यांत बांगडे, सौंदाळे, कोळंबी. एक ओळखीची कोळीण आत्यांना म्हणाली, की गेल्या पावसाळ्यात तिच्या घरी बांगडा खाऊन तिघांचंही अंग लाल झालं, डोकं दुखलं, पित्त उठलं. तेव्हापासून मुलांना बांगडा बंद.

इथेही गोष्ट वेगळीच असू शकते. बांगडा, कुपा यांसारखे मासे बर्फाशिवाय तासन्‌तास राहिले, की जिवाणूंमुळे माशातच हिस्टामिन तयार होतं. ते शिजवूनही जात नाही. खाणाऱ्या अनेकांना एकाच वेळी त्रास होतो आणि तो अगदी अ‍ॅलर्जीसारखा दिसतो. पण ती अ‍ॅलर्जी नव्हे, शिळ्या माशाचा दोष. ताजा बांगडा त्याच माणसांना खुशाल चालतो. एकाच ताटातलं खाऊन एकालाच, आणि तेच खाल्लं की पुन्हा पुन्हा त्रास होत असेल, तर अ‍ॅलर्जीचा संशय घ्यावा. कोळंबी, खेकडे, शेवंड यांची अ‍ॅलर्जी अशीच खरी असते. ती ज्याला आहे त्याने भाजीत घातलेल्या सोड्यांचीही चौकशी करायला हवी.

म्हणजे आपण ज्याला सरसकट ‘पित्त उठलं’ म्हणतो, त्यात किती निरनिराळ्या गोष्टी असतात पाहा. शिवाय मुलांच्या अंगावर उठणाऱ्या गांधींचा खाण्याशी दर वेळी संबंध असतोच असं नाही. साध्या विषाणूच्या तापातही त्या उठतात. म्हणून संशयावरून दूध, अंडी, मासे असं एकेक बंद करत मुलाला अर्धपोटी ठेवण्यापेक्षा, काय खाल्लं आणि किती वेळाने काय झालं हे लिहून ठेवून तज्ज्ञ डॉक्टरांना दाखवणं शहाणपणाचं. त्वचेवरची चाचणी आणि रक्ततपासणी यांचा अर्थही त्या नोंदीशी जोडूनच लागतो. नुसता अहवाल ‘पॉझिटिव्ह’ आला म्हणजे अ‍ॅलर्जी सिद्ध होत नाही.

मालवणचं जेवण

तिसऱ्या दिवशी मालवण. जेट्टीवरून होडीत बसलं की काही मिनिटांत सिंधुदुर्गाची तटबंदी अंगावर येते. 25 नोव्हेंबर 1664 रोजी शिवाजी महाराजांनी कुरटे बेटावर या किल्ल्याची पायाभरणी केली. खाऱ्या समुद्राच्या मधोमध असूनही आत दूधबाव, साखरबाव, दहीबाव अशा गोड्या पाण्याच्या विहिरी आहेत. महाराजांच्या हाताचा आणि पायाचा ठसा लेकीने बराच वेळ पाहिला.

परत आलो तेव्हा दुपार झाली होती आणि सगळ्यांना भूक लागली होती. एका खाणावळीत बसलो. मी वाढप्याला विचारलं, ‘‘भाजीत काजू आहे का?’’ तो म्हणाला, ‘‘नाही ताई.’’ लेकीने फ्लॉवरच्या रस्सा भाजीबरोबर दोन घास खाल्ले आणि चमचा खाली ठेवला. ‘‘आई, जीभ चरचरतेय.’’

मी स्वयंपाकघरात धावले. वाढप्याचं खोटं नव्हतं, भाजीत काजू दिसत नव्हताच. वाटणात होता. चूक माझी. वाढप्याला विचारलं, पण जिच्या हातचं जेवण होतं तिला विचारलं नाही, आणि ‘वाटणात, रश्श्यात, वरून घातलेल्या तुपात काजू आहे का,’ असं स्पष्ट विचारलं नाही.

मग डॉक्टरांनी शिकवलेल्या क्रमाने सगळं केलं. तोंडातला घास थुंकायला लावला, चूळ भरायला दिली. घड्याळ पाहिलं. सेटिरिझिनचं औषध तिच्या वजनाप्रमाणे ठरवून दिलेल्या मात्रेत पाजलं. हनुवटीवर आणि हातांवर गांधी उठायला लागल्या होत्या. तिच्या बाबांनी अ‍ॅड्रेनॅलिनची पेटी उघडून हातात धरली आणि आम्ही रिक्षाने जवळच्या सरकारी रुग्णालयाच्या दारात जाऊन बसलो. आधी एकदा श्वासावर गेलेलं असल्यामुळे घरी परतून वाट पाहणं आम्हाला परवडणारं नव्हतं.

नुसत्या गांधी आणि खाज असेल तर हे औषध आणि गार पाण्याच्या घड्या पुरतात. पण आवाज बसला, खोकला किंवा घरघर सुरू झाली, जीभ सुजली, वारंवार उलट्या झाल्या, चक्कर आली किंवा मूल एकदम मलूल पडलं, तर खाजेच्या औषधाचा भरवसा धरायचा नाही. तेव्हा उपाय एकच: मांडीच्या बाहेरच्या बाजूला स्नायूत अ‍ॅड्रेनॅलिन, आणि ताबडतोब 108 क्रमांकावर फोन. मुलाला आडवं करून पाय उंच ठेवावेत. श्वास लागत असेल तर बसू द्यावं, पण उभं करू नये, चालवू नये. बरं वाटलं तरी काही तास रुग्णालयातच थांबावं, कारण लक्षणं पुन्हा उलटू शकतात.

त्या दिवशी लेकीचा श्वास स्वच्छ राहिला. दर दहा मिनिटांनी मी तिला गाणं म्हणायला लावत होते, आवाज ऐकण्यासाठी. शेवटी तीच वैतागून म्हणाली, ‘‘आई, मी बरी आहे, पण मला आता एकही गाणं येत नाही.’’ तीन तासांनी डॉक्टरांनी तपासून जायला सांगितलं.

आमसुलाचं पाणी

घरी पोहोचेपर्यंत अंधार पडला होता. आत्या खळ्यातच उभ्या होत्या. लेकीच्या हातांवर अजून लाल चट्टे होते आणि ती खाजवत होती. आत्या काही न बोलता आत गेल्या आणि वाटीत भिजवलेलं आमसूल घेऊन आल्या. मग वाटी हातात धरून माझ्याकडे पाहत राहिल्या. ‘‘लावू?’’

सहा वर्षांपूर्वीची ती वाटी माझ्या डोळ्यांपुढे आली. पण या वेळी औषध पोटात गेलं होतं, डॉक्टरांनी तपासलं होतं, श्वास ठीक होता. उरली होती ती नुसती खाज. ‘‘लावा आत्या,’’ मी म्हटलं.

त्या आंबट, गार पाण्याने लेकीला बरं वाटलं. ती आजीच्या मांडीवरच झोपली. आमसुलाचा दोष कधीच नव्हता. दोष त्याची वाट पाहत बसण्यात होता. कातडी साधी असेल, खरचटलेली नसेल, तर गार पाणी, कॅलामाइन किंवा घरचं आमसूल खाज कमी वाटायला मदत करतं. ते सोबतीला असावं. औषधाच्या जागी नाही, आणि आधी तर नाहीच.

दुसऱ्या दिवशी सकाळी चुलीजवळ गेले, तर एक घासून लख्ख केलेला टोप वेगळ्या फळीवर पालथा घातलेला. त्याच्या कानाला लाल चिंधी बांधलेली. शेजारी तशीच चिंधी बांधलेला डाव, आणि नारळाच्या वाटणासाठी वेगळा छोटा पाटा. आत्या घरातल्या सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, ‘‘ह्यो टोप तिचो. ह्येका कोणी हात लावूचो नाय.’’

पुढचे चार दिवस त्या टोपातून आंबोळ्यांबरोबरची वाटाण्याची उसळ, नारळाच्या रसातलं खतखतं, तांदळाची खीर असं काय काय निघालं. लेकीने विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर आत्यांनी दिलं होतं. त्या गावाला काजू सोडून पुष्कळ काही होतं.

निघताना आत्यांनी आमसुलांची पुडी दिली. काजूची पिशवी मात्र या वेळी कुणी पुढे केली नाही. मुंबईला पोहोचल्यावर फोन केला, तर पलीकडून पहिला निरोप आला: टोप घासून, चिंधीसकट माळ्यावर ठेवलाय. दिवाळीत या.

अ‍ॅलर्जी असलेल्या मुलाला घेऊन प्रवासाला निघताना

• कशाची अ‍ॅलर्जी आहे, कोणतं औषध किती द्यायचं, हे डॉक्टरांकडून एका कागदावर लिहून घ्या. एक प्रत पर्समध्ये, एक मुलाच्या दप्तरात.

• अ‍ॅड्रेनॅलिनचं तयार पेन सगळीकडे सहज मिळत नाही. आपल्या मुलासाठी काय बाळगायचं आणि ते कसं टोचायचं, हे डॉक्टरांसमोर प्रत्यक्ष शिकून घ्या. औषधाची मुदत तपासा. ते उन्हात तापणाऱ्या गाडीत ठेवू नका.

• हॉटेलात वाढप्याला नव्हे, स्वयंपाक करणाऱ्याला विचारा. वाटण, रस्सा, तळणाचं तेल आणि एकच डाव अनेक भांड्यांत फिरतो का, हे चौघांबद्दलही विचारा.

• 2020 सालच्या नियमांनुसार पाकीटबंद पदार्थावर सुका मेवा, शेंगदाणे, दूध, अंडी, मासे, कोळंबीवर्गीय प्राणी, सोयाबीन, गहू वगैरे अ‍ॅलर्जीकारक घटक छापायचे असतात. ते वाचा. सुट्या, घरगुती पाकिटांवर असं काही नसेल तर ते पाकीट घेऊ नका.

• मुक्कामाजवळचं रुग्णालय कुठे आहे, हे पोहोचल्या दिवशीच पाहून ठेवा.

• मुलाला स्वतः ‘मला हे चालत नाही’ म्हणायला शिकवा, आणि त्यानं तसं म्हटलं की त्याच्या बाजूने उभे राहा.

कसं जाल? कोकण रेल्वेने कुडाळ किंवा सावंतवाडी रोड स्टेशनवर उतरून एस.टी. किंवा रिक्षाने वेंगुर्ला गाठता येतं. मालवणला जायलाही कुडाळ सोयीचं. किल्ल्यावर जाणाऱ्या होड्या पावसाळ्यात बंद असतात, हे लक्षात ठेवा.